दुसऱ्या बेसवरचा मॅलकी हेफर्नन

पडदा वर जातो तेव्हा मंच रिकामा असतो. मागे हडसन नदी, भर उन्हात शिसं वितळून पसरावं तशी. डाव्या अंगाला शेगड्या ओतणाऱ्या कारखान्यांची धुराडी, उजव्या अंगाला फळ्या ठोकून केलेली प्रेक्षकांची बैठक. तिथे शर्टांच्या कॉलरच्या कारखान्यांतल्या मुली, शनिवारच्या लवकर सुटलेल्या, बाह्या अजून कोपरापर्यंत वर, अंगाला खळीचा आणि तापल्या इस्त्रीचा वास. त्यांच्या मागे लोखंडकाम करणारे बाप्ये, बिअरचे पेले सांभाळत. मध्ये मातीचा मोठा चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यांवर भुसा भरलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या. बेसबॉलच्या खेळात त्यांनाच बेस म्हणायचं.

मग विंगेतून एक सडपातळ माणूस धावत येतो. बाकीचे आठ जण चालत येतात, तंबाखू चघळत, पट्टा वर ओढत. हा धावत येतो, सर्वांत लांबच्या पिशवीपाशी थांबतो आणि वाकून आजूबाजूचे खडे वेचायला लागतो.

"मॅलकी, झाडू आणून देऊ का रे?" बैठकीतून एक मुलगी ओरडते.

"आण की! आणि येतेच आहेस तर जळमटंही काढून जा!"

हशा आणि टाळ्या. खेळ अजून सुरूही झालेला नाही.

हा मॅलकी हेफर्नन, आमच्या ट्रॉय गावच्या संघात दुसरा बेस सांभाळणारा. त्याला जाऊन आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. त्याच्या खेळाला टाळ्या वाजवणारे हात एकेक करून थंड झाले. माझे दोन उरले आहेत, तोवर लिहून ठेवते.

मी तेव्हा नाटकमंडळ्यांबरोबर गावोगाव फिरून नाचत, गात असे. उन्हाळ्यात थिएटरं बंद पडायची, कारण त्या उकाड्यात छपराखाली बसायला कुत्रंही तयार नसे. मग मी ट्रॉयला मिसेस टॅन्सींच्या घरी खोली घेऊन राहायची. त्या काळी बऱ्या हॉटेलांच्या दारावर पाटी असे, नटांना आणि चेंडूवाल्यांना जागा नाही. मिसेस टॅन्सी दोघांनाही ठेवून घेत. "देवाला चालतात तर मला का नाही?" त्या म्हणायच्या, "फक्त जिन्यावर थुंकायचं नाही." अशी मी वरच्या खोलीत आणि मॅलकी खालच्या, मागच्या अंगणाकडच्या खोलीत, आणि संध्याकाळी सगळे एका टेबलावर, कोबी आणि खारवलेल्या मांसापुढे.

त्याचा बाप टिपररीहून आलेला, ओतकाम करणारा. मॅलकीही मिसरूड फुटल्यापासून त्याच कामाला. पण अंगात जोर कसा तो नव्हता. मनगटं बाईसारखी बारीक. बाकीचे फलंदाज चेंडू कुंपणापलीकडे पाठवायला बघत. मॅलकीला ते जमत नसे आणि जमावं असं वाटतही नसे. तो बॅट मुठीपासून वीतभर वर धरायचा आणि चेंडू आला की त्याच्या पाठीवर हात ठेवून 'तू जरा तिकडे बस' म्हणावं इतक्या हळुवारपणे त्याला दोन माणसांच्या मधल्या फटीत सोडून द्यायचा. बॅट हुकून चेंडू मागे गेला असं त्याच्या बाबतीत इतकं क्वचित व्हायचं की झालंच, तर बैठकीतल्या बायका "अगं बाई!" म्हणायच्या.

"ए, चेंडूला मार की! कुरवाळतोस काय?" परगावचा एखादा ओरडायचा.

"तू मार, मी पोचतो!" हा पहिल्या बेसवर उभा राहून टोपी नीट करत म्हणायचा. चेंडू अजून गवतातच असायचा.

कारण त्याचं धावणं. माझा जन्म पाय बघण्यात गेला. चांगला नर्तक जमिनीवर पाय टाकत नाही, उचलतो. मॅलकी तसा धावायचा. पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे निघाला की आधी सुटायचा आणि मग आपल्याला कळायचं की हा सुटला. टॅन्सींच्या स्वयंपाकघरात मी त्याला लाकडी बुटांचा एक नाच शिकवायला घेतला, तर दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या माझ्याच चुका काढायला लागला.

"डीलिया, तू डाव्या पायाला उशीर करतेस."

"तुला काय कळतं रे नाचातलं?"

"नाचातलं नाही कळत. उशीर कळतो."

मिसेस टॅन्सींची मुलगी नोरा हे दारात उभी राहून बघायची. ती कॉलरना खळ करायच्या कामाला होती. उकळत्या खळीने तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. मॅलकीची बोटं चेंडू अडवून अडवून वाकडी झालेली, तीन तर सरळच होत नसत. दोघांनी लग्न करायचं म्हटलं तेव्हा मिसेस टॅन्सी दोघांचे हात टेबलावर ठेवून बघत राहिल्या. "दोघांचे चार मिळून एक धड हात निघतो का बघा," म्हणाल्या, आणि मग पदरचा केक कापला. नोरा फार बोलणारी नव्हती. पण सामन्याला आली की खेळाकडे बघायची नाही, फक्त त्याच्याकडे बघायची. चेंडू कुठे गेला हे ती त्याच्या तोंडावरून ओळखायची.

आता त्याची जागा त्याला कशी मिळाली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघतं.

त्याच्या आधी दुसऱ्या बेसवर जोनस क्रम्प नावाचा जुना खेळाडू होता, गावाचा लाडका. एके दिवशी त्याची दाढ सुजली. गाल पावासारखा फुगलेला. तो कप्तान रिटरला म्हणाला, "गस, आजचा दिवस बसतो. उद्या येतो." रिटरने मॅलकीला उभं केलं. मॅलकीने त्या दिवशी असं काही केलं की बैठकीतल्या फळ्या हलल्या. दुसऱ्या दिवशी क्रम्प दाढ उपटून, गालाला फडकं बांधून हजर. रिटर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "जरा बस, जोनस." तो बसला तो बसलाच. त्याच्यावर कुणी अन्याय केला नाही, कुणी वाईट बोललं नाही. आमच्याकडची रीतच ती होती: जो बसला त्याची जागा गेली. नाटकातही तसंच असतं, पण नाटकात निदान नवं नाटक लागतं.

क्रम्प गाव सोडून गेला तेव्हा मॅलकी त्याला स्टेशनवर पोचवायला गेला. शरमेने तो क्रम्पची पेटी हातात धरूनच उभा राहिला. क्रम्पनेच त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"तोंड पाडू नकोस, पोरा. तू वाईट खेळायला हवं होतंस का? फक्त एक ऐक. दाढ दुखली ना, तरी मैदानात दुखू दे."

मॅलकीने ते शब्द जपमाळेसारखे धरले. पुढे कित्येक उन्हाळे गेले, त्याने एकही खाडा केला नाही. बोट निखळलं की दातांत कापड धरून ओढून घ्यायचा आणि पुन्हा खडे वेचायला लागायचा. एकदा ताप होता तर पिशवीशेजारी ओकला आणि त्यावर पायाने माती सारली. लोकांना तो गमतीचा भाग वाटायचा. नोराला वाटत नसे.

मॅलकीची तिशी उलटल्यावर ओहायोकडचा एक तरुण संघात आला, एल्मर पिंकनी. शेतकऱ्याचा मुलगा, उंच, कान मोठे, भलता सभ्य. तोही दुसऱ्या बेसवरचाच. तो बाकावर बसायचा आणि मॅलकीकडे असं बघायचा जसं चर्चमध्ये वेदीकडे बघतात. आणि मॅलकी! रोज सकाळी त्याला मैदानात नेऊन हातातलं सगळं शिकवायचा. चेंडू कसा उसळेल, धावत येणाऱ्याच्या वाटेतून कसं सरकायचं, सगळं.

"वेडा आहेस का?" कप्तान रिटर म्हणाला. "स्वतःच्या हाताने सुरी पाजळून देतोस त्याला."

"शिकू दे की. शिकण्याला माझी ना नाही, गस. दिवस तेवढा देणार नाही."

ऑगस्टमधला एक सामना. परगावचा एक रेड्यासारखा गडी पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे सुटला आणि पाय पुढे करून घसरत आला. बुटांच्या तळव्यांना लोखंडी दाते. मॅलकी पिशवीवर पाय रोवून उभा राहिला, चेंडू हातात घेतला, त्या गड्याला टेकवला आणि खाली बसला. पंचाने गडी बाद दिला. टाळ्या पडल्या. आमच्या संघाचे मोजे गडद लाल, त्यामुळे रक्त दिसलं नाही. मोजा खाली केला तेव्हा घोट्याच्या वर नडगी उघडी पडलेली दिसली.

मग झालं ते नेहमीचंच. रिटर आला, तोंडातली तंबाखू गालात फिरवली आणि जखमेवर चांगली जाड पिचकारी मारली. तिसऱ्या बेसवरचाही आला, त्याने मारली. दात्यांच्या जखमेवर हेच औषध, सगळ्या संघांतून, सगळ्या गावांतून. रस झोंबतो म्हणजे घाण जळते, असं म्हणत. मॅलकी ओठ चावून हसला. "बस, बस, जेवणानंतरला थोडी तंबाखू राहू द्या." मोजा वर ओढला, उठला, खेळला. मीही ओरडले, "शाब्बास!"

घरी नोराने मोजा सोडवला तेव्हा तो जखमेला चिकटला होता. तिने कोमट पाण्याने भिजवून काढला. लाल रंग पाण्यात उतरला, त्यात रक्त कोणतं आणि रंग कोणता ते कळेना.

"डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर एकच सांगेल. बस म्हणून."

"मग बस! एक दिवस बस!"

"नोरा, तू क्रम्पला विसरलीस."

"मी क्रम्पशी लग्न केलेलं नाही."

तो हसला, तिच्या नाकावर साबणाचा फेस लावला. दुसऱ्या दिवशी खेळला, तिसऱ्या दिवशी खेळला. पाय सुजला तर त्याने बुटाची नाडी अर्धी सोडली. त्या सामन्यात त्याने आपला तो नेहमीचा फटका मारला, दोघांच्या मधून, अलगद. आणि धावला. चेंडू त्याच्या आधी पहिल्या बेसवर पोचला, म्हणजे तो बाद. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. कॉलरवाल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी शांतता मी फक्त नट वाक्य विसरतो तेव्हा ऐकली आहे.

तो बाकाकडे परतला तेव्हा पिंकनी उठून उभा राहिला. "मिस्टर हेफर्नन, तुम्ही एकच दिवस बसा. मी आईची शपथ घेतो, जागा परत देईन. मी मुद्दाम चेंडू सोडेन."

मॅलकी त्याच्याकडे वळला. "एल्मर, तुला मी हे शिकवलं का? पुन्हा बोललास तर कानफटात देईन." मग त्याचाच आवाज खाली आला. "आणि तुला सोडता येणार नाही रे. चेंडू आला की हात आपोआप जातो. मला माहीत आहे."

त्यानंतरच्या सकाळी त्याला पलंगावरून पाय खाली ठेवता आला नाही. गुडघ्यापर्यंत काळसर, वर मांडीकडे लाल रेघा. डॉक्टर आला, पांघरूण उचललं, ठेवलं आणि म्हणाला की पाय आजच कापायला हवा, मांडीतून. त्यानेही वाचेल असं वचन देत नाही, पण न कापता तर नाहीच. कशाने विष भिनलं, मातीने, मोज्याच्या रंगाने की तंबाखूने, ते त्याला सांगता आलं नाही. कुणालाच कधी आलं नाही.

"नाही," मॅलकी म्हणाला.

नोरा त्याच्या उशाशी गुडघे टेकून बसली. तिला मी आयुष्यात इतकं बोलताना ऐकलेलं नाही. "मला तू हवास. एका पायाचा हवास. पाय नसलेला हवास. मी काम करीन, तू खिडकीत बस, मला शिव्या दे, काहीही कर. मॅलकी, ऐक माझं."

"एका पायावर दुसरा बेस कोण खेळतं?"

"नको खेळूस!"

"मग मी कोण?" तो म्हणाला. चिडून नाही. खरंच विचारत होता, उत्तर माहीत असेल तर सांग म्हणून. तिने "माझा नवरा" म्हटलं. त्याने तिचा भेगाळलेला हात धरला आणि म्हणाला, "दोन दिवस थांब. सूज उतरते." डॉक्टरने पुन्हा विचारलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. शुद्धीवर असलेल्या माणसाचा पाय त्याच्या मनाविरुद्ध कापणार नाही असं डॉक्टर म्हणाला. शुद्ध गेली तोवर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचं आधी सांगून टाकते. पिंकनीने आमच्यासाठी पुष्कळ वर्षं दुसरा बेस सांभाळला आणि चांगला सांभाळला. सामना सुरू होण्याआधी तोही खडे वेचायचा. नोराने पुन्हा लग्न केलं नाही. म्हातारपणापर्यंत कॉलरना खळ केली आणि मैदानाकडच्या रस्त्याने कधी गेली नाही, लांबचा वळसा घालायची. मॅलकीच्या अंत्ययात्रेला कारखान्यांचे भोंगे झाले नाहीत, तेवढा मोठा तो नव्हता. पण गावातल्या कॉलरवाल्या मुली सकाळची मजुरी सोडून आल्या, आणि कारखान्यात खाडा म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहीत होतं.

आता ती शेवटची दुपार. त्याच दुपारी आमच्या संघाचा सामना होता. जेवणवेळेला पिंकनी टोपी हातात घेऊन दारात उभा.

"मी कप्तानाला सांगतो, मी खेळत नाही."

नोराने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत त्याच्यावरचा राग शोधायला गेलं तर एवढासाही नव्हता. "जा," ती म्हणाली. "नीट खेळ. त्याने शिकवलंय तसं."

टॅन्सींचं घर मैदानापासून लांब नव्हतं. बाहेर कडक ऊन, पण आम्ही खिडकी लावून जाड पडदा ओढला, कारण आवाज येत होता. खोलीत भट्टीसारखं तापलेलं. पाद्री येऊन मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते तेल लावून गेला होता. मॅलकी कितीतरी वेळ डोळे मिटून होता. एकाएकी उघडले.

"वेळ काय झाली?"

"दुपार आहे," नोरा म्हणाली.

"सामना असेल. दुसऱ्यावर कोण आहे?" आणि तो उठायला लागला. खरंच उठायला लागला, कोपरांवर, त्या पायासकट. तोंडावर अशी भीती की मी मरणाचीसुद्धा कुणाच्या तोंडावर बघितली नाही. "नोरा, दुसऱ्यावर कोण आहे?"

नोराने आयुष्यात खोटं बोललेलं मला माहीत नाही. ती म्हणाली, "कुणी नाही. सामना झालाच नाही. पाऊस पडतोय."

तो थबकला. ऐकू लागला. "मला ऐकू का येत नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं.

मी खाली स्वयंपाकघरात गेले. फडताळात वाळलेले वाटाणे होते. पाव भाजायचं पसरट पत्र्याचं ताट घेतलं, ते त्यात ओतले आणि वर येऊन त्याच्या दाराबाहेर बसले. नाटकात पाऊस असाच पाडतात. ताट सावकाश तिरकं करायचं, एका कडेकडून दुसरीकडे, हात थांबू द्यायचा नाही. आधी बारीक सर. मग जोराची. मी पुष्कळ मंचांवर तो पाऊस पाडलेला बघितला होता, स्वतः त्या दिवशीच पहिल्यांदा पाडला.

मैदानाकडून एकदम मोठा आवाज उठला. पिंकनीने काहीतरी केलं असणार. मी ताट दोन्ही हातांनी जोरजोरात हलवलं. दाराच्या फटीतून दोघं दिसत होती.

"गडगडतंय?" मॅलकीने विचारलं.

"हो. गडगडतंय," नोरा म्हणाली.

त्याच्या कोपरांतला ताण गेला. तो उशीवर आला. तिने कपाळावरचा घाम पुसला. मैदानाकडून पुन्हा आवाज आला, मी पुन्हा जोर केला, माझे हात भरून आले होते. तो छताकडे बघत, तोंड जरासं उघडं टाकून, पाऊस ऐकत होता.

"म्हणजे माझा खाडा पडला नाही."

"नाही पडला."

"बुडालेला सामना उद्याच्याबरोबर घेतील," तो म्हणाला. डोळे मिटत आले होते, शब्द जड होते, पण आवाजात ती भीती नव्हती. "उद्या दोन खेळायचेत, नोरा. मला लवकर उठव."